वलणीवरचे हात

आईचं अंथरूण बदलून झालं की मृदुलाचे दोन्ही हात मनगटापासून निघत, आणि आई ते काठीने उचलून छताजवळच्या वलणीवर वाळत घाली. सोवळ्यातलं लुगडं घालावं तसेच. पूर्ण वाळेपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही, असा नियम होता.

आई ब्याऐंशी वर्षांची. पायांत उभं राहायचं बळ नाही, रात्री लघवी धरून ठेवायचं बळ नाही. पण ती वेळूची काठी हातात आली की पडल्या पडल्या तिचा नेम चुकत नसे. उजवा हात इकडे, डावा तिकडे, मध्ये वीतभर अंतर. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. तो पीळ बघायचा असेल तर साताऱ्यातल्या त्या तिसऱ्या मजल्यावर पहाटे पाचला जावं.

ओली चादर काढायची. मेणकापड पुसायचं. आईला कुशीवर वळवून कोमट पाण्याने धुवायचं, कोरडं टिपायचं, मांड्यांच्या सांध्यात खोबरेल लावायचं, जुन्या धोतराची मऊ घडी घालायची. ओलं सगळं बादलीत भिजवायचं. शेवटी साबणाने हात धुवायचे, की ते निघालेच. कामाला बाई ठेवू म्हटलं तर आईला परक्या बाईचा हात चालत नव्हता. मोठ्यांचे डायपर आणले, तर "मी काय तान्हं बाळ आहे?" म्हणून तिने ते काठीने दाराबाहेर लोटले. नाकाने कांदे सोलायचे आणि सालं मृदुलाने उचलायची, अशी पाच वर्षं चालली होती.

हात वाळेपर्यंत मृदुला बशीत ओतलेला गार चहा ओणवी होऊन पिई. तेवढ्यात ठाण्याहून धाकट्या भावाचा, मुकुंदाचा, फोन येई. ती कोपराने बटण दाबी.

"ताई, आठनंतर तिला पाणी देऊ नकोस."

"नाही देत."

"आणि चादर लगेच बदलत जा. ओल्यात राहिलं की कातडी जाते."

"बदलते."

"आणि मुख्य म्हणजे हात स्वच्छ धूत जा हं."

मृदुलाने वर पाहिलं. करंगळीवरून एक थेंब तिच्या कपाळावर पडला. उंटावरून शेळ्या हाकणारा हा शहाणा समोर असता तर तिने त्याला लाथच घातली असती. पाय तरी जागेवर होते.

साडेआठला आई हात खाली सोडी. ते गार, ताठ, खळ घातल्यासारखे असत. ते चढवून मृदुला दहाला वाचनालय उघडायला जाई. तिथे ती ग्रंथपाल होती. पण हातांना एक खोडच लागली होती. कुठेही बसायच्या आधी उजवा तळवा खाली जाई आणि बैठक दोनदा चाचपून बघे, ओली तर नाही ना. खुर्ची, बाक, देवळाची पायरी, काही सुटत नसे. एक सभासद हसून म्हणाले होते, "मॅडम, खुर्चीवर टाचण्या असतात का?" तिने त्यांच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि दिलंच नाही.

ती काठी मृदुला तेराव्या वर्षापासून ओळखत होती. महिन्यातले चार दिवस ती मोरीजवळच्या कोपऱ्यात बसे आणि आई त्याच काठीने तिच्याकडे ताट सरकवी. एकदा ती रडत आईकडे धावली, तर काठी तिच्या छातीला टेकली. "शिवू नकोस." मुकुंद तेव्हा आईच्या मांडीवर बसून पोहे खात होता. मृदुला हे विसरली नव्हती. विसरायचा तिचा विचारही नव्हता.

तिला आता एकच गोष्ट हवी होती. मुकुंदाचे हात एकदा, फक्त एकदा, त्या वलणीवर लोंबताना बघायचे होते.

तो आला तो शुक्रवारी, दोन शहाळी घेऊन.

"आजची रात्र तू कर," मृदुला म्हणाली. "मी निजते."

"करतो की. त्यात काय एवढं?"

आणि रात्री नऊ वाजता त्याने आईला दोन्ही शहाळी पाजली.

दोनच्या सुमारास आतून चादर ओढल्याचा आवाज आला. मग पाण्याचा. मग काठीचा. मृदुला दारात जाऊन उभी राहिली. मुकुंद सदऱ्याच्या बाह्यांची रिकामी टोकं घेऊन खोलीच्या मधोमध उभा होता आणि वर त्याचे गोरे, गुबगुबीत हात ठिबकत होते. डाव्या मनगटापाशी घड्याळाचा पांढरा पट्टा होता.

"ताई, हे रोज असं होतं?"

"रोज."

"सांगायचंस ना मग."

पाच वर्षं ती सांगतच होती. पण त्या क्षणी तिला रागसुद्धा आला नाही, इतका आनंद झाला होता. डोळे भरून तिने ते हात पाहिले आणि जाऊन गाढ झोपली.

चारला मुकुंद पायाने दार वाजवत होता. "ताई, पुन्हा ओलं झालंय. आणि माझे तर वर आहेत."

"शहाळी कुणी पाजली?"

"तिला आवडतात गं."

मृदुलाने सगळं केलं. तिचेही हात निघाले. आईने ते मुकुंदाच्या हातांशेजारी घातले, जरा अंतर ठेवून.

सकाळी आईने काठीचं टोक एकेका हाताला लावून पाहिलं. "मृदुलाचे वाळले," ती म्हणाली. वाळणारच. धुवून धुवून ते पार विरले होते, जुन्या धोतरासारखे. मुकुंदाचे हात जाड, कोरे. ते अजून निथळत होते.

"त्याची दहाची बस आहे," आई म्हणाली. "ओल्या हातांनी जाईल का तो?"

"आई, ते माझे आहेत."

"पोचला की पाठवेल."

"कुरियरने पाठवतो, ताई. तोवर तू माझे घाल ना. वाळले की."

"मला वाचनालय उघडायचंय!"

"रजा टाक," आई म्हणाली.

मृदुलाने उडी मारली. दोन्ही मनगटांनी तिने वलणी हलवली, आणि काठी येऊन तिच्या छातीला टेकली. नेमकी त्याच जागी.

"शिवू नकोस."

"पाच वर्षं मी तुझं मूत काढतेय!" मृदुला किंचाळली. "पाच वर्षं! याने एक रात्र काढली, तीही अर्धी! आणि हात माझे न्यायचे? सोवळं म्हणे! आग लागो तुमच्या सोवळ्याला!"

"ताई, हळू. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत!"

आईने काठीने तिला तसंच भिंतीशी दाबून धरलं. मग काठी एकदम उचलून तिचे हात मुकुंदाच्या मनगटांवर अलगद सोडले. ते बसले. अगदी बेतशीर बसले. त्याने बोटं उघडमीट करून पाहिली आणि वाकून आईच्या पायांना हात लावला. आईने ते हात धरले, उलटे करून बघितले. तिचे डोळे भरून आले.

"किती रखरखीत झालेत रे हात तुझे," ती म्हणाली. "किती काम करतोस बाळा."

मुकुंदाने बॅग उचलली आणि तो जिना उतरला.

मृदुला गॅलरीत धावली. खाली रिक्षा उभी होती. आत वलणीवरून मुकुंदाचे हात टप टप गळत होते, आणि आई काठीने पलंगाचा पाय वाजवत होती.

"मृदुला, अगं, ओलं झालंय."

खाली मुकुंद रिक्षात शिरायला वाकला आणि मध्येच थांबला. त्याचा उजवा हात पुढे गेला. तळव्याने सीट दोनदा चाचपली.

कोरडी होती. तो बसला.