वायरलेसची खरखर

दहावीच्या पहिल्या चाचणीत सायन्सला वर्गात पहिली आल्यापासून हेमांगीला वाटायला लागलं होतं, की जगात बिघडलेलं असं काही नाहीच, फक्त आपण अजून बघितलेलं नाही! घरची इस्त्री तिने उघडून परत लावली होती, तीही एक स्क्रू उरवून. त्यामुळे बाबांच्या बोटीवरचा वायरलेस खरखरायला लागला, तेव्हा तिचे हात नुसते शिवशिवत होते. पण बाबांना आता मेकॅनिक नको होता, पोरगी तर नकोच. त्यांना चोर हवा होता. आणि तो त्यांना सापडलासुद्धा होता.

"काशीनाथ," बाबा म्हणाले. "दुसरं कोन न्हाय."

झालं होतं असं. नारळी पौर्णिमेला चौक गावच्या बोटी समुद्रात गेल्या, त्याच दिवशी काशीनाथकाकांनी आपल्या बोटीवर नवाकोरा वायरलेस बसवला, अँटेना ही एवढी उंच. आणि त्याच दिवसापासून बाबांच्या सेटवर खर्रर्र सुरू झालं. किनारा सोडला की खरखर, किनाऱ्याला लागलं की सेट शहाण्यासारखा गप्प. भाईंदरहून मेकॅनिक दोनदा आला, बटणं फिरवून म्हणाला, "सेट एकदम ओके है, काका. कोई बाहर से डिस्टर्ब कर रहा होगा." हे ऐकल्यावर बाबांना आणखी काय पाहिजे?

त्यात मागच्या आठवड्यात जाळं फाटलं. भर पाण्यात कुणाचा तरी जाळं बांधायचा मोडका खांब बुडाला होता, त्यावर अडकून निम्मं गेलं. काशीनाथकाकांची बोट तासभर आधी तिथूनच गेली होती, अगदी सहीसलामत. एका शब्दाने सांगितलं नाही त्यांनी.

हेमांगीला हे सगळं पटत नव्हतं. पटत नव्हतं सोमवारपर्यंत. सोमवारी शाळेच्या बसमध्ये अंबिका, म्हणजे काशीनाथकाकांची मुलगी, पहिलीपासूनची बाकावरची शेजारीण, हळूच म्हणाली, "तुमचं जाळं त्या खांबावरच फाटलं ना गं?"

हेमांगी गर्रकन तिच्याकडे वळली. बाबांनी खांबाचं नाव घराबाहेर काढलं नव्हतं. मग हिला कसं ठाऊक?

"तुला कुणी सांगितलं?"

"बाबा म्हणत होते."

बस्स. म्हणजे काकांना खांब ठाऊक होता, तरी त्यांनी सांगितलं नाही. मंगळवारी हेमांगीने अंबिकासाठी खिडकीजवळची जागा धरली नाही. बुधवारी तिच्या डब्यातली सुकटीची चटणी घेतली नाही. मागून अंबिका हसली तरी वाटायचं, आपल्यालाच हसतेय. आणि शुक्रवारी बाबांनी अर्ज लिहायला सांगितला, तेव्हा हेमांगीने आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहून टाकलं: 'श्री. काशीनाथ हे मुद्दाम अडथळा आणत असून त्यांचा वायरलेस संस्थेने काढून घ्यावा.' रविवारी संध्याकाळी मच्छीमार संस्थेच्या बैठकीत अर्ज वाचला जाणार होता.

शनिवारी रात्री तिला झोप लागली नाही. एकदा सगळ्यांपुढे वाचलं, की संपलं. अंबिका परत कधी बोलणार नाही. आणि आपण चूक असलो तर?

रविवारी सकाळी ती बाबांच्या मागे लागली. "मला एकदा बघू द्या. फक्त एकदा!"

"बोटीवर पोरी येत न्हाईत."

"समुद्रात येत नाहीत. उभ्या बोटीवर चालतं. आई चढते की."

बाबांनी कपाळाला हात लावला. पण गेले.

हेमांगीने घरचा छोटा ट्रान्झिस्टर बरोबर घेतला होता. कुठलंही यंत्र खरखर फेकत असेल, तर ट्रान्झिस्टर जवळ नेला की तोही खरखरतो, हे तिने घरच्या मिक्सरवर करून बघितलं होतं. "आता वायरलेस लावा," ती म्हणाली. लावला. शांत. "इंजिन चालू करा." धडधड झाली, पण खरखर नाही. मासे दाखवणारी मशीन लावली. काही नाही. केबिनचा दिवा, पाणी उपसायचा पंप, पुढचा हिरवा-लाल दिवा, सगळं लावून झालं.

"बघ," बाबा म्हणाले. "आपल्यात खोट न्हाय. आता खाली उतर."

तिचा चेहरा पडला. ती शिडीकडे वळलीसुद्धा. आणि मग थांबली. इथे शांत, तिथे खरखर. म्हणजे तिथे असं काय होतं, जे इथे होत नाही?

"बाबा, तुम्ही निघताना जे जे करता ना, ते सगळं करा. आत्ता."

"सगळं केलं की."

"अगदी सगळं. नांगर उचलल्यापासून. खोटं खोटं करा."

"खुळी हायस." पण बाबांनी नांगराच्या दोराला हात लावला, पाण्याला हात लावून कपाळाला लावला, केबिनमध्ये आले, एकवीरा आईच्या तसबिरीपुढे वाकले, आणि तसबिरीच्या वरची इवलीशी ट्यूब लावली.

खर्रर्रर्र!

वायरलेस असा ओरडला की बाबा दचकून मागे सरकले. हेमांगीने ट्रान्झिस्टर वर धरला. तसबिरीजवळ नेला तर तो किंचाळायला लागला, दाराकडे नेला तर कुजबुजला.

"ही ट्यूब कधी बसवलीत?"

"पौर्णिमेला. तुझ्या आईचा नवस. बोट समुद्रात हाय तोवर आईपुढं उजेड पायजे."

"मेकॅनिकला दाखवली?"

"त्याला कशाला? ती देवी हाय. मशीन हाय का?"

हेमांगीला हसू आलं, आणि लगेच रडूही. महिनाभर बाबांनी एकेक बटण बंद करून बघितलं होतं, तिथे समुद्रात. फक्त हे एक सोडून. कारण हे बटण त्यांच्या लेखी बटणच नव्हतं.

"बॅटरीवर ट्यूब पेटवायला मागे डबी असते ना, ती फेकतेय खरखर. बंद करा, बाबा."

"मी न्हाय करनार." बाबांचा आवाज एकदम बारीक झाला. मग ते बाहेर गेले आणि किनाऱ्यावर सुकट पसरणाऱ्या आईला हाक मारली. "रंभे! नवसाची ट्यूब विझवली तर चालंल का?"

"मी ट्यूबचा नवस कधी बोलले?" आई तिथूनच ओरडली. "मी दिव्याचा बोलले! ट्यूब तुमची हौस. साधा बल्ब लावा नाहीतर कंदील टांगा, आईला चालतंय!"

आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या. बाबांनी आधी कंदील पेटवून टांगला, मगच ट्यूब विझवली. वायरलेस गप्प झाला. आणि त्या गप्प वायरलेसमधून, लांबून, कुणीतरी बोलताना स्पष्ट ऐकू आलं. काशीनाथकाका. ते परतीच्या वाटेवर होते.

बाबांनी वायरलेसचा आवाज वाढवला. मग माइक उचलला. "काशीनाथ, बाळाराम बोलतोय."

"आरं! जिता हायस का?" काका गरजले. "महिना झाला बोंबलतोय, तू उत्तर देशील तर शप्पत! त्या खांबाचं तीनदा सांगितलं तुला, तीनदा! मी म्हटलं, माझा नवा सेट बघून याच्या पोटात दुखतंय."

बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ऐकू येत नव्हतं रे."

"आन तुझी पोर? आमची अंबी घरी तोंड पाडून बसलीय. हेमा बोलत न्हाय म्हणते. तिचापन सेट बिघडला का?"

ह्या चॅनेलवर चौकच्या सगळ्या बोटी असतात. सगळ्यांनी ऐकलं! हेमांगीला वाटलं, जाळ्याखाली शिरावं. पण तिने बाबांच्या खिशातून आधी अर्ज काढला, आपल्या त्या मोत्यांच्या अक्षरासकट चार तुकडे केले आणि माइकसाठी हात पुढे केला. बाबांनी मुकाट्याने दिला.

"काका, हेमांगी बोलतेय. अंबिकाला सांगा, चूक माझी. उद्या बसमध्ये खिडकीची जागा तिची."

 मग कुठल्याशा बोटीवरून एक अनोळखी आवाज म्हणाला, "आन परवा?"

"परवापण!" हेमांगी ओरडली.