शेळ्यांनी आठ वेळा माफ केलं

वेहोंगाला फक्त एका संध्याकाळची शांतता हवी होती. उद्या ओपुवो गावी चांबिरूमामाला माती द्यायची होती, आणि थोरला भाचा म्हणून कबरीपाशी चार शब्द त्यानेच बोलायचे होते. नऊ वर्षांपूर्वी मामाने वेहोंगाची दुभती गाय त्याला न विचारता शेजाऱ्याला देऊन टाकली, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. त्यामुळे चारपैकी एकही शब्द तयार नव्हता.

वॉल्विस बे शहराहून तो पहाटेच गाडीने एकटा निघाला. वाळवंटात शांतता भरपूर होती, पण सावली नसल्याने ती वापरता येत नव्हती. दुपार कलल्यावर होआनिब नदीच्या कोरड्या पात्राकाठी मोठाल्या बाभळींचं रान लागलं. दोन हत्ती शेजारून गेले, तेही काही न विचारता. वेहोंगाने तंबू ठोकला, चहा ठेवला, वही उघडली आणि लिहिलं, ‘मामा’.

"मोरो!" मागून नमस्काराची हाक आली. पंधराएक शेळ्या घेऊन एक म्हातारा उभा होता. "मी मुहारुकुआ. तू कुणाचा रे?"

हेरेरो जमातीच्या माणसाला हा प्रश्न म्हणजे तासाभराचं काम. खरं सांगितलं तर चौथ्या नावाला नातं निघणार आणि म्हातारा मुक्कामालाच बसणार. म्हणून वेहोंगाने आजवर केलं नव्हतं ते केलं. आईकडचं आणि बापाकडचं, दोन्ही कुळं खोटी सांगितली.

"अरेरे," म्हातारा हळहळला. "बापाकडून ते कूळ? मग तुम्हाला बिनशिंगाच्या शेळीचं चालत नाही." पुढे केलेलं भाजलेलं मांस त्याने परत पिशवीत घातलं आणि ऐसपैस बसला. "परका आहेस तेच बरं. परक्याशी मोकळं बोलता येतं. ओपुवोचा चांबिरू गेला. तू ओळखत नसशील."

"नाही," वेहोंगा म्हणाला. तिसरं खोटं पहिल्या दोहोंपेक्षा सोपं गेलं.

"दर हिवाळ्यात भाच्याची माफी मागायला वॉल्विस बेला निघायचा. इथवर यायचा, याच झाडाखाली माझ्या शेळ्यांसमोर सराव करायचा आणि परत फिरायचा. शेळ्यांनी त्याला आठ वेळा माफ केलं. एक काळी तेवढी बधली नाही, पण तिचा स्वभावच तसला."

"काय म्हणायचा?"

"तुला रे काय करायचंय?"

"असंच विचारलं, बाबा."

"म्हणायचा, ‘पोरा, गाय तुझी होती. शेजाऱ्याची जनावरं दुष्काळात मेली, त्याची पोरं दुधावाचून रडायची. दिली ते बरोबर केलं. तुला विचारलं नाही, ते चुकलं.’ मग पँट झटकायचा आणि म्हणायचा, पुढच्या वर्षी नक्की."

चहा उतू गेला. कुणीच उठलं नाही.

"आणि भाचा?" वेहोंगाने विचारलं.

"त्यालाही रस्ता तेवढाच होता की. कधी फिरकला नाही."

वेहोंगाने वही मिटली. "बाबा, मी कूळ खोटं सांगितलं. तो भाचा मीच."

म्हाताऱ्याने त्याला खालून वर न्याहाळलं. "कूळ खोटं सांगतात होय रे, गाढवा?" आवाज मात्र उतरला होता. "उद्या काय बोलणार आहेस?"

"तो इथे बोलला ते सगळ्यांसमोर सांगीन. मग म्हणेन, ठीक आहे, मामा."

"म्हणून दाखव."

"ठीक आहे, मामा."

म्हाताऱ्याने मान हलवली. "जरा मोठ्याने. मातीखाली ऐकू जायला हवं."