आधी झुंबरबाईंना विचारा

मित्रांनो, मी भाताची एक जुनी जमीन आहे आणि त्यामानाने नवंकोरं स्टेडियम. हसू नका. बेडसे गावाच्या खालच्या अंगाला, लेण्यांच्या डोंगराखाली या आणि "स्टेडियम कुठे आहे?" असं विचारा. शेंबडं पोरसुद्धा तुम्हाला माझ्यापाशी आणून सोडेल. मला छप्पर नाही, खुर्च्या नाहीत, दिवे नाहीत. उतारावर एकावर एक पायऱ्यांसारखी खाचरं आहेत, तीच माझी गॅलरी. पण माझ्या अंगावर देशोदेशीचे खेळाडू लोळले आहेत, आणि ही बढाई मी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बगळ्याला ऐकवते. बगळे बिचारे ऐकून घेतात.

आधी मी नुसती भाताची होते. माझी चार खाचरं होती आणि त्यांत आंबेमोहोर पिकायचा. फुलोऱ्यात आला की वाटेवरचा माणूस उगाच रेंगाळायचा. माझ्या मालकीणबाई झुंबरबाई. कागदावर मालक त्यांचे यजमान महिपती आबा, पण मला विचाराल तर मी झुंबरबाईंची. लग्न होऊन आल्यापासून माझे बांध त्यांच्याच हातचे. दर वर्षी लावणीच्या आधी त्या चिखल तुडवून, थापून, लिंपून बांध असा गुळगुळीत करायच्या की त्यातून थेंब गळायची बिशाद नव्हती. बोटांचे ठसे पुढच्या पावसापर्यंत माझ्या अंगावर राहायचे. मला ते फार आवडायचे.

मग वलवणच्या शाळेत खेळ शिकवणाऱ्या माधवी मॅडम एक विचित्र चेंडू घेऊन गावात आल्या. ना धड गोल, ना धड लांब. पोरांनी त्याचं नाव ठेवलं असोला नारळ. खेळ होता रग्बी लीग. तेरा जण इकडे, तेरा तिकडे. नारळ काखेत मारून पळायचं आणि समोरच्याच्या हद्दीत नेऊन जमिनीला टेकवायचा. समोरच्यांनी धरून पाडायचं. अशा सहा पकडी झाल्या की नारळ गुपचूप त्यांच्या हवाली करायचा. कबड्डीचं बाळकडू प्यायलेल्या मावळच्या पोरांना पकड काय शिकवायची! सत्यम नावाच्या दांडग्या पोराने पहिल्याच दिवशी तिघांना लोळवलं. कोमल तर त्याच्याही पुढची. ती महिपती आबांची पुतणी. ती पळायला लागली की मागच्याला फक्त धूळ दिसायची.

महिपती आबा स्वतः जुने कबड्डीपटू. चांगली पकड बघितली की त्यांचं डोकं ठिकाणावर राहत नाही. झुंबरबाई जत्रेसाठी माहेरी, इंदुरीला गेल्या होत्या, तेवढ्यात आबांनी ट्रॅक्टर बोलावला आणि माझे मधले बांध मोडून चार खाचरांचं एक मैदान करून टाकलं. मेस बांबूचे गोलखांबही उभे राहिले. मी एका दिवसात स्टेडियम झाले. घरात मात्र आबांनी अवाक्षर काढलं नव्हतं.

झुंबरबाई परत आल्या आणि माझ्या कडेला थबकल्या.

"बांध कुटं गेलं?"

"अगं, पोरांना खेळाया जागा न्हवती," आबा म्हणाले. "म्हनलं, तुला मागनं सांगू."

"जिमीन तुमची, ट्रॅक्टर तुमचा. पर बांध माझं व्हतं. एका शब्दानं इचारलं असतं तर मी न्हाई म्हनले असते व्हय? आता मी तितं पाय ठिवायची न्हाई."

आणि खरंच ठेवला नाही. माझ्या खालच्या अंगाला त्यांचं एक रान आहे. तिथे त्या दर हिवाळ्यात हरभरा पेरू लागल्या. पण तिथे जायलासुद्धा ओढ्याकडून वळसा घालायच्या. माझ्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. मित्रांनो, मला किती वाईट वाटायचं म्हणून सांगू! मी तरी कुठे कुणाला सांगितलं होतं, मला स्टेडियम करा म्हणून?

पण खेळ रंगत गेला आणि मीही रमले. माझा पहिला आंतरराष्ट्रीय सामना लेणी बघायला आलेल्या दोन परदेशी पाहुण्यांबरोबर झाला. ते उताराला उभं राहून बघत होते. पोरांनी खुणेने बोलावलं, एक या बाजूला, एक त्या बाजूला घेतला. सत्यमने त्यातल्या एकाला आडवा केला आणि लगेच पळत जाऊन त्याच्यासाठी तांब्याभर पाणी आणलं. पुढे लोणावळ्यात शिबिराला आलेला नेपाळच्या मुलांचा संघ माझ्यावर सराव सामना खेळून गेला. डोंगरातलीच पोरं ती, दमायचं नावच घेईनात.

आणि मग खरीखुरी बातमी आली. कोमलची भारताच्या संघात निवड झाली होती, आणि श्रीलंकेच्या मुलींशी होणाऱ्या सामन्यासाठी माधवी मॅडमनी माझं नाव सुचवलं होतं. माणसं येऊन मला मोजून गेली. पसंत पडले! आनंदाने गाव वेडं झालं. कोमल मात्र एकाच गोष्टीसाठी झुरत होती. अख्खा गाव येणार, पण जिच्या हातचं खाऊन ती वाढली ती काकी काही येणार नव्हती.

बघे मैदानात घुसू नयेत म्हणून चारी बाजूंनी हद्द आखा, असं वरून सांगणं आलं होतं. दुसरा कुठला गाव असता तर दोरी बांधली असती. पण आमची सगळी भातवाली मंडळी! हद्द म्हटल्यावर त्यांचे हात आपोआप बांध घालायला लागले. आठवडाभर गाव राबलं. चिखल तुडवला, थापला, लिंपला. कमरेएवढा देखणा बांध माझ्याभोवती उभा राहिला. एरवी भाताच्या बांधाला पाणी काढून द्यायला मोरी ठेवतातच. पण आबा ऐटीत म्हणाले, "ह्ये काय खाचर हाय व्हय? स्टेडियमला मोरी कशापाई?" सगळ्यांना पटलं. मलासुद्धा पटलं.

सामन्याच्या आदल्या दिवशी, ऐन जानेवारीत, अवकाळी पाऊस कोसळला. सकाळी बघते तर मी पुन्हा खाचर! गोलखांब पाण्यात उभे आणि मधोमध बगळे. मावळच्या माणसांनी घातलेला बांध, गळणार थोडाच?

स्पर्धेचे व्यवस्थापक कैलास सर कपाळाला हात लावून म्हणाले, "दुपारपर्यंत पाणी हटलं नाही तर सामना पुण्याला हलवावा लागेल. माझा नाइलाज आहे." दोन्ही संघांच्या बस रस्त्याला लागून उभ्या होत्या. तीन बाजूंना माझ्यापेक्षा उंच रान. पाणी जाणार तर एकाच बाजूने, खालच्या रानातून ओढ्यात. आणि खालच्या रानात झुंबरबाईंचा हरभरा घाट्यांनी लगडला होता.

महिपती आबांनी कुदळ उचलली. "फोडा रं!"

कोमलने त्यांचा हात धरला. "आबा, थांबा. काकीला इचारलं का?"

"आता येळ कुटं हाय? तिला मागनं सांगू."

"मागंबी तुमी ह्येच म्हनला व्हता."

आबांनी उचललेली कुदळ तशीच खाली घेतली. हाकेच्या अंतरावर, हरभऱ्याच्या कडेला झुंबरबाई उभ्या होत्या. पावसाने पिकाचं काय झालं ते बघत होत्या. सामन्याचे कपडे घातलेली कोमल बांध ओलांडून त्यांच्यापाशी गेली.

"काकी, बांध फोडायचाय. पानी तुज्या हरभऱ्यातनं जाईल. फोडू का? तू न्हाई म्हनलीस तर न्हाई. मी बसमधी बसते."

झुंबरबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे, बांधावर. "आन त्यांची काय दातखिळी बसलीया?"

आबा कुदळ पाठीमागे लपवत पुढे आले. "फोडू का?"

"असं इचारत्यात व्हय? नीट इचारा."

सगळ्या गावादेखत, दोन देशांच्या संघांदेखत आबा म्हणाले, "तुज्या रानातनं पानी सोडू का? मागच्या टायमाला इचारलं न्हाई, लय चुकलं."

झुंबरबाईंनी पदर खोचला. "सोडा. पर आदी हरभरा उपटा. एक डहाळा जरी बुडाला तर बघा मंग!"

आणि मग काय सांगू मित्रांनो! आमच्याकडे एकाच्या रानात सगळ्या गावाने मिळून काम करायची रीत आहे, तिला इर्जिक म्हणतात. मजुरी नाही, फक्त पोटभर जेवण. तशी इर्जिक लागली. गाव रानात उतरलं. भारताच्या मुली उतरल्या. ते बघून श्रीलंकेच्या मुलीही बूट काढून उतरल्या. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी भाताच्या गावच्याच होत्या. भाषा कळत नव्हती, पण वाकायचं कसं ते कळत होतं. कामशेतला भातगिरणी असलेले मकसूदभाई टेम्पो भरून तूस घेऊन आले. हिरवेगार डहाळे वरच्या खाचरांत जाऊन पडले, आणि रान मोकळं झाल्यावर बांधावर पहिला घाव झुंबरबाईंनी घातला. पाणी खळाळत निघालं. चिखलावर तूस पसरलं.

बांध फुटला होता तिथे झुंबरबाई क्षणभर थांबल्या. वाकून त्यांनी मला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि हळूच म्हणाल्या, "आले गं." इतक्या वर्षांनी त्यांचे पाय माझ्या अंगावर पडले. माझ्यात तेव्हा पाणी होतंच, म्हणून माझं रडू कुणाला दिसलं नाही.

सामना झाला. सगळ्या मुली चिखलाने अशा माखल्या की कोण कुठल्या देशाची ते ओळखू येईना. वरच्या खाचरांत डहाळे भाजून हुळा झाला आणि बघ्यांची तोंडं काळी झाली. सहा पकडींनंतर चेंडू द्यावा लागतो, हे झुंबरबाईंना फार आवडलं. "बरं हाय, कुनी एकट्यानंच धरून बसत न्हाई," म्हणून त्यांनी आबांकडे बघितलं. शेवटी श्रीलंका जिंकली. पण कोमलने तिघींना चुकवून, थेट फुटलेल्या बांधाच्या कोपऱ्यात घसरत जाऊन नारळ माझ्यावर टेकवला, तेव्हा सगळ्यात मोठी आरोळी झुंबरबाईंची होती. संध्याकाळी पाहुण्या मुली इंद्रायणी भात आणि हरभऱ्याची उसळ जेवून गेल्या.

आता माझ्या बांधाला मोरी आहे. ती झुंबरबाईंनी स्वतः ठेवली. आणि कुठलाही सामना असो, आदल्या दिवशी कप्तानाने त्यांना विचारायचं, अशी रीतच पडली आहे.

न विचारता येणारेही आहेत बरं का. सुट्टीच्या दिवशी लोणावळ्याकडून गाड्या येतात, माझ्या अंगावर उभ्या राहतात. जाताना लोक बाटल्या फोडून जातात. मित्रांनो, मी भात पिकवला, खेळाडू पिकवले, पण काचेचं काय करू? माझ्यावर पोरं अनवाणी पळतात हो! तुम्ही आलात तर खुशाल या, पण आपला कचरा आपल्याबरोबर न्या. झुंबरबाई आता थकल्या आहेत, तरी रोज संध्याकाळी पिशवी घेऊन येतात आणि वाकून वाकून माझ्यातल्या काचा वेचतात.

परवा मकसूदभाईंची अरफा त्यांच्यापाशी आली. नव्या संघाची ती कप्तान. "काकी, उद्या खेळू का?"

झुंबरबाई पिशवीला गाठ मारत म्हणाल्या, "मला काय इचारतीस? जिच्या अंगावर खेळनार तिला इचार."

अरफा खाली बसली. तिने माझ्यावर तळहात ठेवला आणि विचारलं, "खेळू का गं?"

इतकी माणसं माझ्यावर नांगर घेऊन आली, ट्रॅक्टर घेऊन आली, मोजपट्टी घेऊन आली. मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मला बोलता येत नाही. पण मी कोरडी होते, मऊ होते, आणि त्या संध्याकाळी माझ्यात काचेचा एकही तुकडा नव्हता. अरफाला ते हाताला कळलं असावं. तिने चपला काढून बांधावर ठेवल्या आणि ती अनवाणी धावत सुटली.