कौल वाजवून बघणारी

लेझरचं मशीन आलं त्या दिवशी मालक नुसते हवेत होते. छपराच्या दगडी कौलाला खिळ्यासाठी भोक पाडायला आम्हाला छिन्नी-हातोडीचे दोन-तीन ठोके लागायचे, मशीनला पापणी लवेपर्यंतचा वेळ. ना धूळ, ना आवाज. नुसता जळका वास आणि भोकाच्या कडेला काचेसारखी काळी चकाकी. आठवड्याभरात आम्हा अकरा जणींपैकी दहा जणी घरी बसल्या. मी उरले. का, तर त्या मेल्या मशीनला बरं-वाईट कळत नाही म्हणून.

कच्चं कौल हातोडीखाली तिथेच दुभंगायचं. आत बारीक चीर असली की पहिल्याच ठोक्याला दोन तुकडे, विषय संपला. लेझर दगडाला धक्काच देत नाही. चिरलेल्या कौलालाही तेवढंच सुबक भोक पाडून मोकळं होतं. म्हणून मशीनमधून आलेलं प्रत्येक कौल बोटांवर तोलून धरायचं, हातोडीच्या दांड्याने टिचकी मारायची आणि ऐकायचं. धड असेल तर खणखणतं, चिरलेलं असेल तर बद्द वाजतं.

"बाई, तुमच्या कानांवर माझा धंदा आहे," मालक म्हणाले.

कान! एकतीस वर्षं ठोके ऐकून माझ्या कानांची पार वाट लागली होती. समोरच्याच्या ओठांकडे बघून मी वेळ मारून नेत होते. पण हे सांगितलं असतं तर अकरावी मीच. नवरा जाऊन सात वर्षं झालेली, घर माझ्या आणि धाकट्या भावाच्या कमाईवर. मग काय, बोटांना जाणवणाऱ्या थरथरीवर भागवलं. थंडीत बोटं बधिर व्हायची, तेव्हा सरळ अंदाजपंचे. खोटं कशाला बोलू? आणि ती कौलं छपरावर बसवायला कोण? माझा भाऊच.

दोन वर्षं काही झालं नाही. मला वाटलं, जमतंय आपल्याला. वर शिष्टपणा असा, की मशीनवाल्याला ऐकवायचे, "कान तयार लागतो, बाबा!"

गेल्या महिन्यात भाऊ दुमजली घराच्या छपरावरून खाली आला. ज्या कौलावर गुडघा टेकवला ते भोकापाशी तुटलं आणि तो त्याच्यासकट घसरला. पुन्हा उभा राहणार नाही, असं डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं. पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर मास्क होता.

काल त्याच्या खाटेपाशी बसले आणि सगळं ओकून टाकलं. "अरे, मला ऐकूच येत नाही. ते कौल मीच पास केलं. माझ्यामुळे झालं हे."

त्याने तोंड माझ्याकडे वळवलं. मग सावकाश बोलला, मला ओठ दिसावेत असा. "माहितीये, ताई."

"काय माहितीये?"

"तुला ऐकू येत नाही ते. मागून हाक मारली तर कधी वळतेस का तू? वर छपरावर मी एकेक कौल पुन्हा वाजवून घ्यायचो. फुटकं निघालं की बाजूला टाकायचो आणि मुकादमाला सांगायचो, चढवताना माझ्याच हातून फुटलं. शिव्या खायचो." त्याने दम घेतला. "त्या दिवशी फार घाई होती. शेवटची रांग तशीच लावली."

"गाढवा, मला बोलला का नाहीस?" मी ओरडलेच.

"तू तरी कुठे बोललीस?"

मला रडू फुटलं. रोज समोरासमोर बसून जेवत होतो आणि दोघंही एकमेकांना सांभाळून घेत होतो. डोंबलाचं सांभाळणं! एका वाक्याचं तर काम होतं. नोकरी गेली असती, त्याचे पाय राहिले असते.

मी त्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला नाही. पण मान फिरवली, तोंड भिंतीकडे केलं आणि बोलायला लागला. बराच वेळ बोलला. खांदे हलताना दिसत होते. त्यातला एक शब्दही मला कळला नाही, आणि काय म्हणालास, हे विचारायचं धाडस झालं नाही.