हात न लावण्याची रात्र

"श्वासाचं काही विशेष नाही, काका," तंत्रज्ञ सुकेशनीने कागदांची चळत टेबलावर आपटून सरळ केली. "मधूनमधून अडखळतो, पण दहा सेकंदांच्या वर थांबला तरच आम्ही मोजतो. तसं फार कमी वेळा झालंय. पाय मात्र झटकता तुम्ही. डावा. रात्रभर."

"पाय?" हेमसिंगने खाली आपल्या चपलेकडे पाहिलं.

"अंगात लोह कमी असलं की होतं तसं कधी कधी. मॅडमनी गोळ्या लिहून दिल्यात. महिनाभर घ्या."

"मंग टॅक्टर चालोता येते नं मले?"

"श्वासाच्या आजारामुळे चालवू नका, असं यात काही लिहिलेलं नाही."

हेमसिंगला एवढंच हवं होतं. मेडिकल कॉलेजच्या त्या लहानशा खोलीत, जिथे लोकांना रात्रभर झोपवून त्यांची झोप तपासतात, तो चार महिन्यांनी पहिल्यांदा मोकळेपणी हसला. कागदाची व्यवस्थित घडी घालून त्याने ती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आणि पिशवी शर्टाच्या आत सरकवली. मागे उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला, गोमतीबाईला, मात्र हसू आलं नाही. तिने आपला उजवा हात हळूच पदराखाली घेतला.

हे सगळं सुरू झालं सोयाबीनच्या हंगामात. हेमसिंग इंझोरीचा, आणि कारंज्याच्या कैलासचंद शेठचा ट्रॅक्टर चालवायचा. एकोणीस वर्षं चालवत होता. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता, लख्ख उन्हात, चाळीस पोत्यांनी भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर रस्ता सोडून सरळ तुरीच्या वावरात शिरला आणि धुऱ्याच्या बांधाला अडून थांबला. कुणाला खरचटलंही नाही. लोक धावत आले तेव्हा हेमसिंग स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपलेला होता. चार जणांनी वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. आयुष्यात ज्याने दारूला बोट लावलं नाही, त्याच्या तोंडाचा.

शेठ ओरडले नाहीत. चावी काढून घेतली आणि म्हणाले, "हेमसिंग, तू घरी बस. डाक्टरचा कागद आनशील त्या दिवशी चावी घेऊन जाय." एवढ्या वर्षांच्या माणसाला याहून मऊ शब्दांत कुणी सांगितलं नसतं, पण हेमसिंगच्या ते फार जिव्हारी लागलं.

तसा तो कुठेही झोपायचा. कटिंगच्या खुर्चीत झोपायचा, ग्रामसभेत झोपायचा, एका लग्नाच्या पंगतीत तर हातात पुरीचा तुकडा धरून झोपला होता आणि वाढप्याने त्याच्या पानात दोनदा भाजी वाढली होती. गावाला फुकटची करमणूक होती. त्याच्या घोरण्याची तर एवढी ख्याती, की लग्नाला आलेले पाहुणे तो कुठल्या अंगणात अंथरूण टाकतो ते आधी बघून घेत आणि मग आपली जागा ठरवत.

घोरणं हे दुखणं नाही, घोरणं थांबतं ते दुखणं आहे, हे ठाऊक होतं एकट्या गोमतीबाईला. ते तिने गावातल्या आशा कार्यकर्तीला, विमलबाईला, सांगितलं. विमलबाईने हातातलं रजिस्टर मिटलं. "हे साधं घोरनं नोहे, गोमती. चिठ्ठी देतो, आधी आरोग्य केंद्रात जा."

मग चिठ्ठ्यांचा प्रवास सुरू झाला. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने रक्तदाब पाहिला, टेपने गळ्याचा घेर मोजला आणि कारंज्याची चिठ्ठी दिली. कारंज्याला कान-नाक-घशाचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच यायचे आणि हे दोघं पोचले ते नेमके दुसऱ्याच वारी. पुढच्या खेपेला वाशीमची चिठ्ठी मिळाली. वाशीमच्या डॉक्टरांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि झोपेची तपासणी करायचं मशीन इथे नाही म्हणून जिल्ह्याबाहेरच्या मेडिकलला पाठवलं. प्रत्येक ठिकाणी जुन्या चिठ्ठीला नवी चिठ्ठी टाचली जायची. खिडकीतून कुणी विचारलं, काय त्रास आहे, की हेमसिंग म्हणायचा, "काई नाई, घोरतो." रांग हसायची. मग मागून गोमतीबाईला तोंड उघडावं लागायचं, "साहेब, श्वास थांबते यांचा." चार महिने तिने हे एकच वाक्य सगळ्या खिडक्यांना ऐकवलं.

आणि आता शेवटच्या खिडकीने सांगितलं होतं, की श्वास ठीक आहे, पाय झटकतो.

बसस्टँडवर हेमसिंगने दोन चहा सांगितले. तो बोलायला लागला होता. सोमवारी शेठकडे जाऊ, हरभऱ्याचा माल सुरू झाला असेल, टायर बदलायला झाले होते, ते बदलले की नाही कोण जाणे. गोमतीबाई कपातला चहा नुसता हलवत बसली होती.

गप्प राहणं सोपं होतं. कागद मिळाला होता, चावी मिळाली असती, गावात मान वर करून चालता आलं असतं. रात्रीचं काय, ते तिचं ती बघत आलीच होती. पण तो रस्ता आणि ते तुरीचं वावर तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तिला भीती वाटत होती, आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद आपल्या हाताने पुसायचा याचं त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

"आवो," ती म्हणाली, "पाय तुमी नाई झटकत."

"मंग कोन झटकते?"

"मी वढत होती."

हेमसिंगने कप खाली ठेवला. "काय वढत होती?"

"अंगठा. पायाचा. श्वास थांबला का मी वढतो. रोजच वढतो. अकरा वर्स झाले."

पूर्वी ती खांदा हलवायची, तेव्हा तो दचकून जागा व्हायचा आणि चिडायचा. मग एकदा तिला कळलं, की पायाचा अंगठा जोरात ओढला तर श्वास परत येतो आणि माणूस जागाही होत नाही. तेव्हापासून ती त्याच्या पायाकडे उशी घेऊन झोपायला लागली. सासू होती तोवर चारचौघींत कौतुक करायची, नवऱ्याच्या पायाशी झोपणारी अशी सून आजकाल कुठे मिळते म्हणून. गोमतीबाईने कधी खुलासा केला नाही. झोपेतही तिचा एक कान जागा असायचा. घोरणं थांबलं की एक, दोन, तीन, चार, आणि हात आपोआप जायचा.

काल रात्रीही तसाच गेला. हेमसिंगच्या डोक्याला आणि पायांना वायरी, छातीला पट्टे, बोटाला चिमटा. शेजारच्या खोलीत पडद्यासमोर सुकेशनी. आणि कॉटच्या पायथ्याशी खाली चटईवर गोमतीबाई, एक हात वर ब्लँकेटमध्ये घातलेला. त्यात लबाडी नव्हती. हात लावायचा नाही, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि आपण काही करतोय हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"चूप राय," हेमसिंग शेवटी म्हणाला. आवाज खाली होता, पण राग होता. "कागद भेटला नं? आता त्याच्यात बोट नको घालू. पुन्हा चार मयने लायनीत उभा राहू का मी? पुन्हा लोकायले हसवू?"

"घरी मी वढीन," गोमतीबाई म्हणाली. "टॅक्टरवर कोन वढीन?"

कारंज्याची गाडी लागली. कंडक्टरने हाका मारल्या. हेमसिंग उठला, दारापाशी गेला, एक पाय पायरीवर ठेवला आणि मागे वळून पाहिलं. गोमतीबाई बाकावरून हलली नव्हती. मागच्या माणसाने त्याला म्हटलं, "चढून राह्यले का नाई, काका?" हेमसिंगने पाय खाली घेतला आणि बाजूला झाला.

सुकेशनीने दोघांना परत दारात पाहिलं तेव्हा तिला वाटलं, गोळ्यांची चिठ्ठी हरवली. गोमतीबाईने सांगितलं ते तिने उभ्याने ऐकलं, मग खुर्चीत बसली आणि काल रात्रीच्या रेषा पुन्हा पडद्यावर आणल्या. श्वासाची रेष सपाट व्हायला लागते, लगेच डावा पाय, श्वास सुरू. पुन्हा सपाट, पुन्हा पाय. ती एकेका जागेवर बोट ठेवत गेली आणि जागा संपेनात तेव्हा थांबली. डॉक्टर मॅडमना बोलावून आणलं.

मॅडम वयाने लहान होत्या. रागावतील म्हणून गोमतीबाई भिंतीला टेकून उभी होती. "चूक आमची आहे," मॅडम म्हणाल्या. "नातेवाईक कुठे झोपणार, हे आम्ही विचारायला पाहिजे होतं." मग त्यांनी हेमसिंगकडून तो घडी घातलेला कागद मागितला. त्याने शर्टातून पिशवी काढली, कागद दिला आणि खिडकीकडे बघत राहिला.

त्या रात्रीचा पेशंट येणार नव्हता, म्हणून खाट मोकळी होती. सुकेशनीने गोमतीबाईला बाहेर व्हरांड्यात नेलं. "मावशी, तुम्ही इथे बसायचं. काहीही ऐकू आलं तरी आत यायचं नाही."

"अन् श्वास सुरूच नाई झाला तं?"

"मी आहे ना. मी बघते."

गोमतीबाईने मान हलवली, पण तिचा विश्वास बसला नव्हता. परक्या पोरीच्या हाती तिने आपला माणूस दिला होता.

दार साधं लाकडी होतं. घोरणं स्पष्ट ऐकू येत होतं. मग ते थांबलं. एक, दोन, तीन, चार. तिचा हात उचलला गेला. पाच, सहा. अकरा वर्षांत ती चारच्या पुढे कधी गेली नव्हती. तिथे पुढे काय असतं, तेच तिला माहीत नव्हतं. दहा झाले, पंधरा झाले, तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. बावीसला आतून मोठा हुंदका यावा तसा आवाज झाला आणि घोरणं पुन्हा सुरू झालं. गोमतीबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. सुकेशनीचा तिला इतका राग आला, की दार उघडून तिला बाहेर ओढावं असं वाटलं. तोवर आतला आवाज पुन्हा थांबला होता.

मध्यरात्र उलटल्यावर सगळंच शांत झालं. हुंदका नाही, घोरणं नाही. ती मोजत चाळीसपर्यंत गेली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. सुकेशनीने आतून दार किलकिलं केलं.

"या, बघा. मास्क लावलाय. त्यातून हवा जाते, गळा मिटत नाही."

हेमसिंगच्या नाकावर रबरी मास्क होता, उशाशी एक लहानसं मशीन हळू चालत होतं आणि त्याची छाती सावकाश, एकसारखी वरखाली होत होती. गोमतीबाईने बराच वेळ पाहिलं.

"मास्क लावायच्या आधी तासाला बावन्न वेळा श्वास थांबत होता," सुकेशनी म्हणाली.

"घंट्यात?"

"घंट्यात."

"म्हंजे मी," गोमतीबाई म्हणाली आणि थांबली. "मी रोज इतक्या डाव?"

"हो मावशी. तुम्हीही झोपलेल्या नाही."

ती बाहेर आली, बाकाखाली ठेवलेली चादर काढली आणि फरशीवर आडवी झाली.

सकाळी हेमसिंग बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर वायरींच्या डिंकाचे डाग होते आणि गालावर मास्कचा वळ. डोकं असं हलकं शेवटचं कधी होतं, ते त्याला आठवेना. सुकेशनीने त्याला सगळं सांगितलं होतं. नवा कागद मिळेल, त्यावर आजार लिहिलेला असेल. मशीनसाठी अर्ज जाईल, यायला दोनेक महिने लागतील. तोवर ट्रॅक्टरला हात लावायचा नाही. पुढे मशीन लावून रोज नीट झोप झाली, की तपासून चालवायचा कागद देता येईल. "बरं," एवढंच तो म्हणाला होता.

गोमतीबाई भिंतीलगत झोपली होती. तोंड थोडं उघडं, एक हात लांब पसरलेला, बोटं सैल. व्हरांड्यात लोकांची ये-जा सुरू झाली होती, स्ट्रेचरची चाकं वाजत होती, पण तिला काही ऐकू येत नव्हतं. हेमसिंगने तिला असं झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं.

फरशी पुसणारा बादली घेऊन आला. "काका, बाईले उठवा. पुसाचं हाय."

"बाजूनं पूस, भाऊ."

"सायेब येतीन आता."

"येऊ दे. तिले झोपू दे."

पुसणाऱ्याने खांदे उडवले आणि तिच्या चारी बाजूंनी पोछा फिरवून तो पुढे निघून गेला. ओल्या फरशीच्या मधोमध तिच्या अंगापुरता कोरडा तुकडा उरला. कुणी तिला ओलांडून जाऊ नये म्हणून हेमसिंग हातात चपला घेऊन त्या तुकड्याच्या कडेला उभा राहिला. कारंज्याची सकाळची गाडी निघून गेली, नंतरचीही गेली.