उलट्या आट्यांचा वाल

“मॅडम, मागणी-बिगणी काई लिवू नका. बगावत लिवा, बगावत!” सरपंच भागवतराव टेबलावर हात आपटून म्हणाले.

प्रोसिडिंगचं रजिस्टर माझ्यासमोर उघडं होतं. मी इथली ग्रामसेविका. रोज मानवतहून बसने येते, आणि गावच्या भांडणात जीव अडकवायचा नाही हा माझा नेम. वाडीला गावापासून वेगळी ग्रामपंचायत हवी होती, त्यासाठी आजची ग्रामसभा.

“विभाजनाची तरतूद आहे,” मी म्हटलं. “मागता येतं. देणं न देणं शासनाच्या हाती.”

“आमच्या टाकीचं पाणी पितेत अन् आमच्यातूनच फुटून निघायलेत! हे कसलं कायद्यात बसतंय?”

“पितेत म्हणं!” वाडीची धुरपताबाई उसळली. “गावाचं भरल्याबिगर आमच्या नळाला थेंब न्हाई. अन् सोडनारा कोन, तर माझाच नवरा!”

लोक हसले. तिचा नवरा चंद्रभान हसला नाही. सव्वीस वर्षं तो पंचायतीचं पाणी सोडत होता. राहायला वाडीत, नोकरी गावची, शिव्या दोन्हीकडच्या.

“चंद्रभान,” भागवतराव एकदम गोड झाले, “तू तर आपला मानूस. ह्या ठरावाला हात वर केलास तर उद्यापासून कामावर येऊ नको. मी काई जबरदस्ती करायलो न्हाई बरं.”

वा रे वा, मी मनात म्हटलं. तोंडाने म्हणायला हवं होतं. अजून लाज वाटते.

चंद्रभान माझ्याकडे वळला. “मॅडम, हात वर करनं गुन्हा हाय का?”

“नाही.”

“मंग मालक, बगावत कशी म्हनता?”

त्याने हात वर केला. मी सगळ्यांचे हात मोजेपर्यंत तो तसाच ठेवला. मग पुढे येऊन कंबरेची, वाल फिरवायची लोखंडी चावी माझ्या टेबलावर ठेवली.

“तीन नंबरचा वाल उलट्या आट्यांचा हाय, उलटा फिरतोय,” तो म्हणाला. “नव्या मानसाला सांगा. जोर लावला तर मोडंल, अन् गाव लय दिवस बिनपान्याचं राहील.”

मी ‘विभाजनाची मागणी’ असा ठराव लिहिला. वालचं कुठे लिहावं कळेना, म्हणून समासात लिहिलं.

खिडकीतून चंद्रभान जाताना दिसला. तीन नंबरच्या वालवरची फरशी सरकली होती. ती त्याने पायाने नीट बसवली आणि वाडीच्या वाटेला लागला.