दुधात किती उतरलं?

मी एक नळी आहे. हातभर लांब, जाड दोऱ्याएवढी. वेळेआधी जन्मलेल्या, दूध ओढायचीही ताकद नसलेल्या बाळांच्या नाकातून पोटापर्यंत जाते आणि आईचं दूध पोचवते. काम पुण्याचं आहे. पण माझं सगळं आयुष्य भीतीत गेलं.

तुम्हाला वाटत असेल, प्लास्टिक जन्मतःच मऊ असतं. तसं नाही. माझं मूळ अंग कडक, वाकवलं तर कट्कन मोडणारं. त्यात एक तेल मिसळतात, तेव्हा ते लवतं. पण हे तेल भाडेकरूसारखं राहतं. संधी मिळाली की हळूच बाहेर पडतं. दुधातल्या स्निग्धाशी तर त्याचं फारच लवकर जमतं.

जुन्या नळ्यांतलं तेल कामाला चोख होतं. मात्र ते इवल्या जिवांच्या वाढीत ढवळाढवळ करत असावं, अशी शंका जाणकारांना येऊ लागली. म्हणून आमच्या कारखान्यातल्या रसायनवाल्या मॅडमनी एरंडाच्या तेलापासून नवं तेल बनवलं. पहिल्या घाण्याच्या नळ्या आठवड्यात चिकट झाल्या. दुसऱ्या घाण्याच्या गारठा सोसतात का ते पाहायच्या थंड कपाटात तडकल्या. तो आवाज मी शेजारच्या ट्रेमध्ये पडून ऐकला. मी तिसऱ्या घाण्यातली. माझं काय होणार, या धास्तीनं मी आक्रसून गेले होते.

मी तडकले नाही. मग मॅडम मला घेऊन रुग्णालयात गेल्या.

तिथल्या मोठ्या सिस्टरांनी माझं पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"हे कशाचं म्हणालात?"

"एरंडाच्या तेलाचं," मॅडम म्हणाल्या.

सिस्टरांनी एरंडेल प्यायल्यासारखंच तोंड केलं. "बाई, नवं म्हणजे कच्चं. इथली लेकरं तळहाताएवढी असतात. प्रयोगाला जागा नाही इथे."

"जुनंही प्रयोगच होता, सिस्टर. फक्त कुणी मोजत नव्हतं."

काचेच्या पेटीशी बसलेली एक आई हे ऐकत होती. तिची मुलगी नऊशे ग्रॅमची. वॉर्डात सगळे तिला चिमणी म्हणत. आईनं विचारलं, "ही वापरली तर तुम्ही रोज तपासाल?"

"रोज. नळीतूनच परत ओढलेलं थोडं दूध मी घेऊन जाईन."

"आणि काही वाईट निघालं तर मला सांगाल? लपवणार नाही?"

"तुम्हालाच आधी सांगेन."

आईनं संमतीच्या कागदावर सही केली. पेन दोनदा हातातून सुटलं.

चिमणीच्या नाकातून मी आत शिरले तेव्हा माझा जीव मुठीत होता. केवढी ऊब होती तिथे! ऊब म्हणजे माझ्या तेलाला बाहेर पडायचं आमंत्रणच. दर तीन तासांनी दूध यायचं आणि मी मनात घोकायचे, 'धरून ठेव, सगळं आतच धरून ठेव.'

पाचव्या दिवशी दुपारी दूध थांबलं. सिस्टरांनी माझ्या टोकाला लावलेली दुधाची पिचकारी उंच धरली होती, पण दूध जागचं हलेना.

"कडक झाली!" सिस्टर ओरडल्या. "मी म्हटलं नव्हतं? काढा ती आधी!"

आई उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मीही गारठले. खरंच का मी आतून मोडले? माझ्यामुळे हे पाखरू उपाशी राहणार?

मला काढायला सिस्टरांनी दुपटं बाजूला केलं आणि त्या थबकल्या. चिमणीनं मला घट्ट मुठीत धरलं होतं. इतकं घट्ट की मी मधोमध दुमडले होते.

"अगं दांडगे!" सिस्टरांचा आवाज एकदम खाली आला. त्यांनी एकेक बोट अलगद उलगडलं. मी सरळ झाले. चीर नाही, वळी नाही. दूध सरसर उतरलं. सिस्टर आईकडे पाहून म्हणाल्या, "पकड बघितलीत का पोरीची?" आई हसता हसता रडली.

दोन दिवसांनी मला काढलं. मॅडम निकालाचा कागद घेऊन आल्या.

"जुन्या नळीतून उतरायचं त्याच्या मानानं फार थोडं उतरलंय," त्या म्हणाल्या. "पण शून्य नाही."

"म्हणजे धोका?" आईनं विचारलं.

"हे तेल शरीर पचवून बाहेर टाकतं, असं आतापर्यंतच्या तपासण्या सांगतात. त्यापुढचं मला अजून माहीत नाही. माहीत नसताना माहीत आहे असं म्हणणार नाही."

आईनं काचेच्या पेटीत चिमणीकडे पाहिलं. मग म्हणाली, "पुढची नळीही अशीच घाला. आणि मोजत राहा."

शून्य नाही. हे दोन शब्द माझ्या अंगात रुतून बसले आहेत. चिमणी आता बाराशे ग्रॅमची झाली म्हणे. तरी माझ्यातलं जे थोडं तिच्यात गेलं, त्याची धाकधूक मला शेवटपर्यंत राहणार.

आता प्रयोगशाळेत माझे तुकडे करून आत किती तेल उरलंय ते पाहणार आहेत. जाण्याआधी एकच मागणं. हाताला मऊ लागलेली वस्तू लेकराच्या तोंडी देण्याआधी विचारा, हा मऊपणा कशाचा? आणि उत्तर देणाऱ्यानं मोजलंय का, तेही विचारा.

मॅडमनी कात्री उचलली आहे. त्यांचा हात किंचित थरथरतोय. मला त्यानं बरं वाटलं. न थरथरणाऱ्या हातांची मला जास्त भीती वाटते.